पट्टीचा क्रम आणि जेसनच्या कीज

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानासाठी मी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, छापायचा प्रोग्रॅम लिहिला, जावामध्ये. सोयाबीनची पहिली पट्टी निघाली आणि मुनीमजी ओळींवर बोट फिरवत वाचू लागले. गाव, कट्टे, वजन, भाव, मग हमाली-तोलाई वजा, ही त्यांची रोजची चाल. कागदावर मात्र हमाली आधी आणि वजन शेवटी. बोट मध्येच थांबलं. समोर शेतकरी उभा होता, आणि स्वतःच्या मालाचा हिशोब त्याला लागत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

चूक माझी होती. मी हॅशमॅप वापरला होता, म्हणजे नाव आणि त्याची माहिती अशा जोड्या ठेवणारा मॅप; जोडीतलं नाव (जसं ‘वजन’) म्हणजे की. तो की कुठं ठेवायची हे तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या आकड्यावरून ठरवतो, तुम्ही ती कधी टाकली यावरून नाही. त्याजागी लिंक्डहॅशमॅप घ्या, टाकाल त्या क्रमानं कीज बाहेर येतात. भाव नंतर दुरुस्त केला तरी त्याची जागा हलत नाही. ट्रीमॅप घेऊ नका: तो अक्षरानुसार लावतो, म्हणजे कट्टे, गाव, तोलाई, भाव, वजन, हमाली. पायथनमध्ये जेसन (अशा जोड्या मजकूर म्हणून लिहायची पद्धत) लिहिताना सॉर्ट_कीज चालू केलं तरी हेच होतं. नाहीतर पायथन ३.७ पासून साधी डिक्शनरीच, म्हणजे पायथनचा मॅप, क्रम राखते.

इथं एक खड्डा आहे, मी त्यात दोन दिवस अडकलो होतो. लिंक्डहॅशमॅप भरून तो ओआरजी डॉट जेसन या जावाच्या लायब्ररीतल्या जेसनऑब्जेक्टला दिला, तर तो आत पुन्हा हॅशमॅपमध्येच उतरवून घेतो. सगळी मेहनत पाण्यात. जीसन किंवा जॅक्सन या दुसऱ्या लायब्रऱ्यांनी थेट लिंक्डहॅशमॅपच लिहून काढा.

पण हे सगळं फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. जेसनच्या व्याख्येतच, म्हणजे २०१७ च्या आरएफसी ८२५९ या मानकात, ऑब्जेक्ट (की आणि माहितीच्या जोड्यांचा गट) हा बिनक्रमाचा संच आहे. समोरचा प्रोग्रॅम क्रम पाळेलच असं धरून चालू नका. क्रमालाच अर्थ असेल तर ॲरे, म्हणजे क्रमानं लावलेली यादी, वापरा. सौद्यात लॉट ४१, ७, १९ असे पुकारले गेले होते. लॉट नंबर हीच की केली, तर जावास्क्रिप्ट आकड्यांच्या कीज चढत्या क्रमानं लावते: ७, १९, ४१. म्हणून आता प्रत्येक लॉट ॲरेतला एक ऑब्जेक्ट आहे आणि नंबर त्याच्या आत आहे.

डेटाबेसही बघून घ्या. पोस्टग्रेस या डेटाबेसचा जेसनबी प्रकार कीजचा क्रम राखत नाही, साधा जेसन प्रकार मजकूर जसाच्या तसा ठेवतो. मला शोधासाठी जेसनबीच हवा होता, म्हणून छापताना मी ऑब्जेक्टच्या क्रमावर विसंबतच नाही. मुनीमजींना एका जुन्या पट्टीच्या पाठीमागं मथळे लिहून द्यायला सांगितलं. तीच यादी कोडमध्ये ॲरे म्हणून आहे, आणि छपाई तिच्यावरून एकेक की मागत वरून खाली जाते.