काकवीच्या पाकातले चिकन विंग्ज

गोड पाकातले चिकन विंग्ज घरी बिघडतात ते बहुतेकदा एकाच कारणाने: गोडवा फार लवकर घातला जातो. मध, गूळ किंवा साखर मुरवणातच मिसळली, तर कातडीखालची चरबी सुटून ती कुरकुरीत होण्याआधीच साखर करपू लागते आणि वरून काळे, कडवट, पण हाडाजवळ कच्चे राहिलेले तुकडे हाती येतात. म्हणून या पदार्थात दोन कामे वेगळी ठेवावीत. आधी तुकडे कोरडे व कुरकुरीत भाजावेत आणि वाढण्याच्या अगदी थोडा वेळ आधी त्यांवर पाक चढवावा.

आपल्याकडे दुकानात कोंबडी सहसा सोलूनच देतात, त्यामुळे पंख कातडीसकट हवेत हे तोडण्याआधीच सांगावे. सोललेल्या पंखांवर ही कृती करू नये. कुरकुरीतपणा सगळा कातडीतच असतो. एक किलो पंख चार-पाच जणांना पुरतात. प्रत्येक पंख बोटांनी चाचपून सांधे शोधावेत आणि हाडावर घाव न घालता सांध्यातून सुरी फिरवावी, म्हणजे खांद्याकडचा मांसल तुकडा, मधला दोन हाडांचा चपटा तुकडा आणि टोक असे तीन भाग सहज सुटे होतात. टोके टाकू नयेत, त्यांचे सूप उत्तम होते. कच्चे चिकन नळाखाली धुण्याची सवय मात्र सोडावी, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात आणि कातडी उगीच ओली होते. पिसांचे खुंट राहिले असतील तर ते चिमट्याने काढावेत.

तुकडे कागदी रुमालाने दाबून टिपून घ्यावेत. त्यांना दीड छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा मिरपूड आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चोळावी. बेकिंग पावडरमुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, लवकर तांबूस होते आणि तिच्यावर बारीक फोड येऊन ती खुसखुशीत होते. तिच्याऐवजी खाण्याचा सोडा वापरू नये, त्याची साबणासारखी चव शेवटपर्यंत जात नाही. आता तुकडे जाळीवर सुटे मांडून, खाली थाळी ठेवून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर उघडेच ठेवावेत. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण फ्रिजच्या कोरड्या हवेत कातडी जितकी सुकेल तितकी ती भट्टीत कुरकुरीत होते, आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही युक्तीने इतके चांगले साधत नाही.

ओव्हन २२० अंश सेल्सिअसला तापवून तुकडे जाळीवरच ४० ते ४५ मिनिटे भाजावेत आणि मध्ये एकदा उलटावेत. आतील तापमान ७४ अंशांवर गेले की चिकन खाण्यास सुरक्षित होते, परंतु पंखांत स्नायुबंध पुष्कळ असल्यामुळे ते ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत भाजले, तरच मांस हाडापासून अलगद सुटते. ओव्हन नसेल तर तुकडे दोनदा तळावेत: प्रथम मध्यम आचेवर, सुमारे १५० अंशांच्या तेलात आठ-दहा मिनिटे, आणि दहा मिनिटे निथळू दिल्यावर १९० अंशांच्या कडकडीत तेलात दोन-तीन मिनिटे. कोरियातील गोड-तिखट तळलेल्या चिकनचा कुरकुरीतपणाही या दुहेरी तळणातूनच येतो.

तुकडे भाजत असताना पाक करावा. मध चालतो, पण मला काकवी अधिक आवडते. तिच्या गोडीत उसाच्या रसाची खोली आणि किंचित खारटपणा असतो, जो सोया सॉसशी फार छान जुळतो. एक मोठा चमचा लोण्यावर आठ लसूणपाकळ्या बारीक चिरून व एक इंच आले किसून मंद परतावे, लसूण लाल होऊ देऊ नये. त्यात पाव वाटी काकवी, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक छोटा चमचा ब्याडगी मिरचीची पूड घालावी. काकवी नसेल तर तितकाच चिरलेला गूळ तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून, गाळून घ्यावा. वेगळे मीठ घालू नये, ते सोया सॉसमधून पुरेसे येते.

खरे लक्ष आता लागते. बुडबुडे मोठे व संथ होऊ लागले आणि पळीच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, की गॅस बंद करावा. एकतारीच्या अलीकडेच थांबावे, कारण गार होताना पाक आणखी आळतो. तार आली तर तो तुकड्यांवर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. चुकून घट्ट झालाच, तर चमचाभर गरम पाणी घालून ढवळावे.

गरम तुकडे मोठ्या पातेल्यात घेऊन त्यांवर कोमट पाक ओतावा आणि पातेले हलवून तो सर्व बाजूंनी लावावा. चमच्याने ढवळले तर कातडी फाटते. मग तुकडे पुन्हा जाळीवर मांडून २०० अंशांना तीन ते पाच मिनिटे ठेवावेत आणि त्या वेळात ओव्हनसमोरून हलू नये. पाक चकाकू लागला आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच बाहेर काढावेत. तळलेल्या तुकड्यांना या शेवटच्या भाजण्याची गरज नसते. वरून भाजलेले तीळ व कांद्याची पात भुरभुरावी आणि सोबत लिंबाच्या फोडी ठेवाव्यात. पाक चढवल्यावर कुरकुरीतपणा फार तर अर्धा तास टिकतो, म्हणून पाहुणे उशिरा येणार असतील तर तुकडे कोरडेच भाजून ठेवावेत आणि ते बसल्यावरच पाकात घोळवावेत.