या चुका टाळा : बॅकअप, अपडेट आणि एक्सेल

महिनाअखेरीला संध्याकाळी आमच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टचा फोन वाजला की मला थोडी धास्तीच वाटते. मध्यंतरी असाच एक फोन आला. सर्व्हरची हार्ड डिस्क गेली होती, पण पलीकडचे गृहस्थ शांत होते. "काळजीचं काही नाही मॅडम, बॅकअप रोज रात्री अकराला होतो. तुम्ही फक्त रिस्टोर करून द्या."

स्क्रीन शेअर केली, बॅकअपचा फोल्डर उघडला. तारखांप्रमाणे फायली ओळीनं लागलेल्या, एक दिवसही चुकलेला नव्हता. मग माझी नजर साइझच्या रकान्याकडे गेली. जुन्या फायली दोन-दोन जीबीच्या होत्या. एका तारखेपासून पुढची प्रत्येक फाइल मात्र शून्य केबी. असे चार महिने गेले होते.

झालं होतं ते अगदी साधं. कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) जुनाच राहिला. स्क्रिप्ट रोज रात्री अकराला उठायची, त्या दिवसाच्या नावाची फाइल तयार करायची आणि पासवर्ड चुकल्यामुळे तिच्यात काहीच न भरता थांबायची. फोल्डरकडे पाहणाऱ्याला रोज नवी फाइल दिसत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पुढे तीन माणसांनी कागदावरच्या प्रतींवरून चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. जवळजवळ महिना गेला त्यात.

इतकी वर्षं हे काम केल्यावर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अशा गप्प बिघाडांची. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की माणसं धावतात, फोन करतात आणि मार्ग निघतो. जे काम झालंय असं सगळे धरून चालतात आणि प्रत्यक्षात झालेलं नसतं, ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. खालच्या चुकांपैकी बहुतेक याच जातीच्या आहेत.

बॅकअप आहे, पण उघडून कुणी पाहिलाय?

हे फक्त लहान कार्यालयांत होतं असं समजू नका. गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरनं दुसऱ्या सर्व्हरवर चालवायची डिलीटची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर चालवली. चूक लक्षात येऊन त्यानं हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला होता. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता. डेटाबेस नव्या आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे ते दरवेळी अडखळून बंद पडत होतं. त्याबद्दल इशाऱ्याचे मेल निघत होते, पण त्या मेलवर योग्य डिजिटल सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरनं दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत हाताशी आली आणि नुकसान तेवढ्या सहा तासांवर थांबलं. ही सगळी हकिगत त्यांनी स्वतःच जगजाहीर केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यातून मी ग्राहकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. फक्त बिघाडाचा मेल येईल अशी व्यवस्था ठेवू नका. बॅकअप झाल्याचा मेल रोज यायला हवा, आणि त्यात फाइलची साइझ हवी. ज्या सकाळी तो येणार नाही, त्या सकाळी उठून पाहायचं. साइझ काल दोन जीबी आणि आज दोनशे एमबी असेल, तरीही पाहायचं.

महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोर करा. तो उघडतो का एवढंच बघून थांबू नका. शेवटच्या बिलाचा नंबर चालू सिस्टिममधल्या त्या दिवशीच्या शेवटच्या बिलाशी जुळतो का, एखाद्या जुन्या खात्याची शिल्लक तीच येते का, हे पडताळा. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास काढणारे ग्राहक आम्हाला फार कमी भेटतात. डिस्क गेल्यावर त्यांचे फोन मात्र दहा मिनिटांत संपतात.

प्रती किती ठेवायच्या याचा जुना हिशोब अजूनही चोख आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क ही वेगळी प्रत धरू नका, कारण रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) मशीनमध्ये शिरलं की जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. क्लाउड ड्राइव्हवर सिंक होणारा फोल्डर हाही बॅकअप नव्हे. इकडे फाइल खराब झाली की खराब फाइलच तिकडे पोचते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण किती दिवस ते तुमच्या प्लॅनवर असतं. ते आजच बघून ठेवा.

बिघडल्यानंतरची घाई

डेटा बिघडला की पहिली ऊर्मी असते 'रिपेअर' दाबण्याची. थांबा. आहे त्या बिघडलेल्या डेटाची आधी जशीच्या तशी कॉपी काढा, मग काय करायचं ते करा. रिपेअर फसलं तर मूळ बिघडलेली फाइल हीच आमच्यासाठी शेवटची वाट असते, आणि अनेकदा तिच्यातून बराच डेटा निघतोही. चालू डेटावर जुना बॅकअप थेट रिस्टोर करणं ही तर त्याहून महागडी चूक. बॅकअप कालचा निघाला आणि आजचं काम त्याखाली दबून गेलं, असं मी डोळ्यांदेखत पाहिलंय. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉपीच्याही भानगडीत न पडता मशीन बंद करा.

अपडेट : फार उशीर आणि फार घाई

"चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यामागची भीती मला समजते. एखादा अपडेट खरोखरच काम अडवतो. पण वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून ते पसरलं, त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिला होता आणि हल्ला झाला १२ मे रोजी. जवळजवळ दोन महिने उपाय उपलब्ध होता, तरी इंग्लंडमधल्या रुग्णालयांसकट जगभरातल्या असंख्य मशीन अडकल्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदतीची सुरक्षा योजना न घेता त्यावर हिशोब चालवणाऱ्यांना नव्या भगदाडांवर आता पॅचच मिळत नाही.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही तितकंच बोलकं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सगळीकडे एकदमच गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. त्या प्रकारच्या फायली कधी घ्यायच्या हे ठरवणं तेव्हा ग्राहकांच्या हातात नव्हतं. पण जे अपडेट तुमच्या हातात आहेत, ते तरी सगळ्या मशीनवर एकाच दिवशी टाकू नका. आधी एका मशीनवर टाका आणि त्यावर रोजचं काम करा : बिल काढा, प्रिंट घ्या, रिपोर्ट उघडा. दोन-तीन दिवस ठीक गेले की बाकीच्या. पगाराच्या किंवा विवरणपत्राच्या दिवशी नको, शुक्रवारी संध्याकाळी तर नकोच. कामाच्या दिवशी सकाळी करा, म्हणजे अडलं तर फोन उचलायला आम्ही असतो. सुरक्षेचा तातडीचा पॅच असेल तर मात्र ही उसंत तासांची ठेवा.

आम्ही अपडेटबरोबर जी नोट पाठवतो ती लांबलचक असते, मान्य आहे. निदान तीन गोष्टी शोधा. डेटाबेसची रचना बदलणार आहे का? बदलणार असेल तर सहसा जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, म्हणून आधी बॅकअप. सर्व्हर आणि बाकीच्या मशीन एकाच वेळी बदलाव्या लागतील का? तसं असेल तर एका मशीनवरची चाचणी चालू डेटावर न करता त्याच्या प्रतीवर करा. आणि कोणती जुनी सोय बंद होतेय? गुगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या युजरनेम-पासवर्डनं लॉगिन करणारी जुनी ॲप्स बंद केली, तेव्हा सॉफ्टवेअरमधून बिलं मेल होत नाहीत म्हणून आमच्याकडे फोन येऊ लागले. सूचना आधीच येऊन गेली होती. ॲप पासवर्ड (अशा ॲपसाठी गुगल देतं तो वेगळा पासवर्ड) तयार करून घातला की काम झालं.

एक्सेलमधून डेटा आणताना

इथं मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथं एरर येतच नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) डबल क्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच ठरवतं कोणता रकाना काय आहे. ००४५१७ हा कोड ४५१७ होतो. सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर एक्सेल फक्त पंधरा आकडे जपतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. खाते क्रमांक दिसायला ठीक दिसतो, असतो मात्र दुसऱ्याच कुणाचा. ०४/०७ ही चार जुलै आहे की सात एप्रिल, हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं, आणि १३/०७ सारखी तारीख कधी तारीख न राहता नुसता मजकूर होऊन बसते. देवनागरी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात. एवढ्यावर कुणी 'सेव्ह' दाबलं की मूळ फाइलही गेली.

म्हणून डबल क्लिक नको. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबवरून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणायची सोय आहे, ती वापरा. तिथं यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारी अक्षरपद्धत) निवडा आणि कोड, फोन, खाते क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' करा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा.

एक्सेल फाइलचं जुनं एक्सएलएस रूप अजूनही काही सॉफ्टवेअर देतात. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्यात १०,४८,५७६. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना जुनं रूप वापरलं, मर्यादेपलीकडच्या ओळी आत आल्याच नाहीत आणि १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यातून राहून गेल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध तेवढा लांबला. फाइल उघडत होती, आकडे दिसत होते, आणि रोगी गायब होते.

आमच्याकडचा नेम असा : इम्पोर्टआधी ओळी मोजा, रकमेच्या रकान्याची बेरीज कागदावर लिहा. इम्पोर्टनंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पुन्हा काढा. एका पैशाचाही फरक आला तर पुढे जाऊ नका.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी

ओटीपी ॲपचा कोड वारंवार चुकीचा येत असेल तर खातं लॉक करून घेण्याआधी घड्याळ बघा. हे कोड वेळेवरून बनतात आणि सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे असलं तरी कोड नाकारला जातो. वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हातानं बदलण्याची सवय यात टिकणार नाही, नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आताच करून घ्या. आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) कुणाच्या मेल आयडीवर आहे ते तपासा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर असेल तर स्मरणपत्रं कुणीच उघडत नसलेल्या खात्यात साठत राहतात.

आम्हाला कळवताना

"चालत नाही" एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. एररचा मजकूर जसाच्या तसा द्या, पूर्ण स्क्रीनचा फोटो द्या, आणि सांगा : कधीपासून, एकाच मशीनवर की सगळ्यांवर, आणि त्याआधी काय बदललं. पासवर्ड कधीही पाठवू नका. आमच्या नावानं कुणी स्वतःहून फोन करून मशीनचा ताबा मागितला तर फोन ठेवा आणि तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर आम्हाला विचारा.

गेल्या आठवड्यात एका कार्यालयातल्या बिलिंगच्या ताईंचा मेल आला होता. "आज १०.४० पासून, फक्त माझ्या मशीनवर, फक्त दोन पानांपेक्षा मोठं बिल प्रिंट करताना अडतंय. काल प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकला." आम्ही जुना ड्रायव्हर परत टाकायला सांगितला. वीस मिनिटांत उत्तर आलं : "चालू झालं. मधे अर्धवट छापलेली सात बिलं शोधून पुन्हा काढली. बाकीच्या मशीनवर तो ड्रायव्हर टाकणं थांबवलंय."