रोड कव्हा होते जी? नगरपंचायतीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

राज्य संवर्गाची (नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या राज्यस्तरीय अधिकारी पदांची) परीक्षा पास झालात आणि विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या नगरपंचायतीत लेखापाल किंवा कर निरीक्षक म्हणून ऑर्डर निघाली, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी टेबलापाशी येऊन विचारणार, "साहेब, आमच्या गल्लीतला रोड कव्हा होते जी?" उत्तर द्यायची घाई करू नका. रोड कोणाच्या मनात आहे यापेक्षा पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशोबातल्या कोणत्या सदराखाली आलाय, यावर ते जास्त ठरतं. मी लेखा विभागात काम करतो, म्हणून मला कार्यालय तिकडूनच दिसतं. बांधकामवाला वेगळं सांगेल, त्याचंही ऐका.

राळेगाव, मारेगाव, समुद्रपूर, तिवसा, पोंभुर्णा या ठिकाणी आधी ग्रामपंचायत होती. 2014-15 च्या सुमारास शासनाने तालुका मुख्यालयांच्या नगरपंचायती केल्या आणि ही गावं कागदावर शहरं झाली. अंगणातली बैलजोडी, आठवडी बाजार, हंगामात रस्त्यावर लागणाऱ्या कापसाच्या गाड्या तशाच राहिल्या. ग्रामसभा मात्र गेली. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे. ग्रामसभेत गोंधळ व्हायचा, पण कोणत्या वस्तीत काय दुखतंय ते तासाभरात कळायचं. आता 17 प्रभागांचे 17 नगरसेवक बोलतात आणि बाकीचं तुम्हाला तक्रार नोंदवहीतून वाचावं लागतं. ती नोंदवही खरंच वाचा, फारसं कोणी वाचत नाही.

कायदा 1965 चा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. सगळा पाठ करायची गरज नाही, पण कलम 49 नीट वाचून ठेवा. दिवाबत्ती, साफसफाई, पाणी, रस्ते, नाल्या ही बंधनकारक कर्तव्यं. बगीचा, वाचनालय ही ऐच्छिक. सभेत स्वागत कमानीचा विषय रंगात आला आणि गावात नळ आठवड्यातून दोनदा येत असला, की हे कलम उपयोगी पडतं.

आता पैसा. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली, गाळ्यांचं भाडं हे स्वतःचं उत्पन्न, आणि ते तोकडं असतं. ग्रामपंचायतीच्या काळापेक्षा घरपट्टी वाढली म्हणून लोक आधीच नाराज असतात, त्यामुळे चतुर्थ वार्षिक आकारणीचा, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवायचा विषय नगरसेवक शक्यतो पुढच्या सभेवर ढकलतात. पगाराचा मोठा भार शासनाच्या सहाय्यक अनुदानावर चालतो. मग येतो वित्त आयोगाचा निधी. 15व्या वित्त आयोगात 2021 ते 2026 या काळासाठी आपल्यासारख्या लहान शहरांना 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायची होती: निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेली 40 टक्के अबंधित, आणि सगळी ओढाताण तिच्यावर. त्यानंतर नगरोत्थान, दलितवस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामं या शासनाच्या योजना आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी. प्रत्येकाचं शीर्ष वेगळं, अटी वेगळ्या, बँक खातंही बहुतेक वेळा वेगळं.

दलितवस्तीचा निधी घोषित वस्तीतच खर्च होतो. लागून असलेल्या गल्लीत गुडघाभर चिखल असला तरी तो तिकडे वळवता येत नाही. पाण्याच्या बंधित रकमेतून सिमेंट रोड होत नाही. हे लोकांना समजावून सांगणं तुमच्या कामाचाच भाग आहे. "पैसा आला तं खर्च काहून नाही करत?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं पाहिजे.

अंदाजपत्रकाची विशेष सभा फेब्रुवारीअखेर होते. नवख्याला वाटतं की प्राधान्य तिथे ठरतं. तिथे खुर्च्या, नाश्ता आणि भाषणं असतात. आकडे डिसेंबर-जानेवारीतच बसवलेले असतात. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे इस्टिमेट. नगरसेवकाचं पत्र, अभियंत्याची मोजणी, शासनाच्या दरसूचीप्रमाणे इस्टिमेट (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी ही साखळी आहे. ज्या कामाचं इस्टिमेट तयार आहे, ते पुढे जातं. मार्च जवळ आला किंवा आचारसंहिता लागायची कुणकुण आली, की जिल्हाधिकारी कार्यालयातून फोन येतो, "संध्याकाळपर्यंत प्रस्ताव पाठवा." त्या संध्याकाळी कपाटात जे असेल, तीच गावाची गरज ठरते. म्हणून पावसाळा संपला की अभियंत्याच्या मागे लागून प्रत्येक प्रभागातल्या दोन-चार खऱ्या गरजांची इस्टिमेटं करून घ्यायची. कोणी सांगितलं नाही तरी.

खरी गरज कोणती, ते फाईलमध्ये दिसत नाही. नालीचंच घ्या. एका प्रभागात नवी नाली झाली होती, फोटोत छान दिसायची. पाहणीला गेलो तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, "नाली तं बांधून देल्ली, पन पानी जाते कुठं? पयल्या पान्यात माह्याच अंगनात येते." बरोबर होतं त्यांचं. नाली चौकापर्यंत येऊन थांबली होती. पुढचा तुकडा दुसऱ्या प्रभागात, त्या वर्षी त्या प्रभागाच्या वाट्याला निधी नाही. पाणी प्रभागाची हद्द ओळखत नाही, पण आपले ठराव प्रभागागणिक निघतात. यावर उपाय म्हणजे काम नाल्याच्या तोंडापासून, सखल बाजूने वर न्यायचं. आधी लेव्हल घ्यायची, पूर्ण लांबीचा एकच ठराव करायचा आणि त्याचे टप्पे पाडायचे, पहिला टप्पा सगळ्यात खालचा. वरच्या प्रभागाचे नगरसेवक रुसतात, कारण त्यांच्या दारात नारळ फुटायला दोन वर्षं लागतात. त्यांना अभियंत्यासोबत जागेवर न्यावं. कागदावरचा नकाशा पाहून कोणी पटत नाही, पहिला जोरदार पाऊस पाहिला की पटतात.

काळ्या मातीचंही तसंच. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. खालची माती काढून मुरूम नीट भरून दाबला नाही, तर वरचा सिमेंटचा थर चांगला असूनही रोड दुसऱ्या वर्षी तडकतो. लांबी वाढवून दाखवण्यासाठी भरावाची बाब कमी केलेलं इस्टिमेट दिसलं, तर लेखापाल असलात तरी विचारा.

पाण्यासाठी टंचाई कृती आराखडा असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे. विहीर अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, शेवटी टँकर. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून जातो. तो करण्याआधी व्हॉल्व्हमनसोबत सकाळी एक फेरी मारा. कोणत्या गल्लीत टिल्लू पंप (नळाचं पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटारी) लागतात, कोणत्या टोकाच्या घरांना हंडाभरही मिळत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. कित्येकदा पाणी कमी नसतंच, वाटप वाकडं असतं. एक व्हॉल्व्ह आणि थोडी पाइपलाइन टाकली की टँकर वाचतो. असं काम स्वस्त असतं, उद्घाटनाचं नसतं, म्हणून मागे राहतं. ते पुढे रेटणं तुमच्या हातात आहे.

फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून सावध. हायमास्ट (चौकातला उंच खांबाचा दिवा), ओपन जिम, आरओ प्लांट यांचा निधी वरून येतो, पण विजेचं बिल आणि दुरुस्ती नगरपंचायतीच्या उत्पन्नातून. ते उत्पन्न किती, हे वर सांगितलंच. पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलं की कनेक्शन कापायची नोटीस येते आणि मग घंटागाडीच्या डिझेलला पैसा उरत नाही. विषय सभेपुढे जाण्याआधी कार्यालयाच्या टिपणीत एक ओळ घालायची सवय ठेवा: दरवर्षीचा अंदाजे खर्च इतका, तो अमुक शीर्षातून. कोणी खूश होत नाही, पण ओळ रेकॉर्डवर राहते.

सभेबद्दल थोडं. विषयपत्रिकेच्या शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" असतात. मोठ्या खर्चाचे विषय तिथून आत शिरतात, तेव्हा टिपणी आणि तरतूद पाहिल्याशिवाय पुढची कारवाई करू नये. कायद्याविरुद्धच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम 308 खाली थांबवू शकतात, आणि मग खुलासे लिहायला कर्मचारीच बसतात. ठरावात जागा स्पष्ट हवी. "वानखडे यांच्या घरापासून मारोती मंदिरापर्यंत" असं लिहिलं, तर गावात वानखड्यांची दहा घरं आणि मारोतीची तीन मंदिरं निघतात. मालमत्ता क्रमांक आणि मीटरमध्ये लांबी लिहून घ्या.

दिव्यांग, महिला-बालकल्याण आणि दुर्बल घटक यांच्यासाठीची 5-5 टक्क्यांची तरतूद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवते आणि शिलाई मशीन वाटून संपते. जूनमध्येच लाभार्थी याद्या मागवल्या तर लोकांना खरं काय हवंय ते विचारायला वेळ मिळतो.

चार्ज घेताना मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं, लेखापरीक्षणाचे प्रलंबित आक्षेप आणि प्रत्येक योजनेच्या खात्याचा कॅशबुक-पासबुक ताळमेळ लेखी मागा. खात्यात पडलेलं व्याज आपलं समजू नका. बऱ्याच योजनांत ते शासनाला परत भरायचं असतं, आणि आक्षेप हमखास तिथेच निघतो.