गाडीत धुराचा वास येतोय? एक नाही, दोन भोकं शोधा

गाडीत सायलेन्सरचा वास येत असेल तर डॅशबोर्डवर परफ्यूम ठेवून काही होत नाही. एसीचा फिल्टर बदलूनही नाही. तो धूळ अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. या वायूला स्वतःचा वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतो. प्रवासात डोकं जड झालं, मळमळलं, गुंगी आली, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि डॉक्टर गाठा. दुरुस्ती होईपर्यंत एसी चालू ठेवून उभ्या गाडीत कुणालाही झोपू देऊ नका. लहान मुलाला तर नाहीच.

‘पीयूसी पास आहे’ हे उत्तर गॅरेजवाल्याकडून ऐकून घेऊ नका. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या टोकात घालतात. वाटेत मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग) काय गळतंय, हे तिला कळत नाही.

धूर बाहेर पडतो ते भोक सापडायला सोपं. इंजिन थंड असताना पाहा, कारण तापल्यावर लोखंड फुगतं आणि बारीक चीर मिटते. सकाळी पहिल्या स्टार्टला बोनेटखालून टिक-टिक येते आणि पाच मिनिटांत थांबते? मग मॅनिफोल्डचं गॅस्केट (जोडातून गळू न देणारी पट्टी) किंवा चीर. बाकी पाइपासाठी इंजिन बंदच ठेवा, व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्लोअरने सायलेन्सरच्या टोकातून हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फेस आला तिथे गळती. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. गॅस्केट जुनं परत बसवू नका. गंजलेल्या सायलेन्सरवर पेस्ट थापणं ही चार दिवसांची सोय, तो बदलाच.

खरी गोची दुसऱ्या भोकाची, म्हणजे धूर गाडीत शिरतो त्या फटीची, आणि बहुतेक जण इथेच काम अर्धं सोडतात. हॅचबॅक धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घोटाळतो आणि डिकीच्या फटीतून आत ओढला जातो. अशा वेळी मागच्या काचा उघडल्या तर बहुधा ओढ वाढते. म्हणून काचा बंद, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) बंद, ब्लोअर जोरात, म्हणजे बाहेरची हवा समोरून आत येऊन दाब टिकतो. पण वास बोनेटकडून येत असेल तर हाच ब्लोअर धूर आत ढकलेल; मग गाडी चालवूच नका. सामान मावत नाही म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून घाटात जाणं तर सरळ धोक्याचं.

फट शोधायला धुळीसारखं साधन नाही. डिकीची चौकट आणि रबर ओल्या फडक्याने लख्ख पुसा, कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरा, मग डिकी उघडा. रबराच्या आतल्या बाजूला मातकट रेघ जिथे उमटली, तिथूनच धूर शिरतो. खात्रीसाठी रबरावर खडू घासून डिकी लावा. पत्र्यावर खडू उमटला नाही ती जागा सैल. रबर चपटं, कडक झालं असेल तर पूर्ण बदला, फेव्हिक्विकने तुकडे जोडू नका.

रबर चांगलं असेल तर टेललॅम्पमागचं गॅस्केट पाहा, मग मागच्या बंपरआडच्या हवेच्या झडपा. त्या बाहेरच्या बाजूलाच उघडायला हव्यात. नंतर वायर जिथून पत्र्यातून जाते तिथलं प्रत्येक ग्रोमेट, म्हणजे भोकातलं रबरी बूच. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर पाइपासाठी पाडलेली भोकं आधी पाहा, बरीच उघडीच राहतात. योग्य मापाचं ग्रोमेट घाला, कडेने सिलिकॉन सीलंट भरा आणि 24 तास वाळू द्या. मात्र टाकीच्या व्हॉल्व्हची हवा बाहेर नेणारी रबरी नळी चुकूनही बुजवू नका. गळलेला गॅस तिच्यातूनच गाडीबाहेर पडतो. सीएनजी गाडीत फट शोधायला उदबत्तीही पेटवू नका.

सगळं झाल्यावर पुन्हा पुसा, पुन्हा तोच कच्चा रस्ता. रेघ उमटली तर काम झालेलं नाही.