कर्करोगाचे उपचार संपल्यावर आजार उलटण्याची भीती कशी हाताळावी

किमो आणि रेडिएशन संपून रिपोर्ट चांगले आले की घरच्यांना संकट टळल्यासारखे वाटते. ज्याच्या अंगावरून हे सारे गेले त्याची भीती मात्र पुष्कळदा तेव्हाच सुरू होते, कारण उपचार चालू असेपर्यंत रोगाविरुद्ध काही ना काही घडत असते आणि नंतर केवळ वाट पाहणे उरते. ही भीती समूळ घालवण्याच्या मागे लागू नये. ते सहसा साधत नाही. तिला आटोक्यात ठेवता येते.

पहिले काम दवाखान्यातले आहे. माझ्या प्रकारच्या कर्करोगात कोणत्या लक्षणांसाठी लगेच यायचे, कोणती थांबून पाहायची आणि किती दिवस, हे ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांना, स्पष्ट विचारावे व उत्तर तिथेच वहीत उतरवून घ्यावे. पुढे आंघोळ करताना बोट शस्त्रक्रियेच्या व्रणाशी थबकले किंवा रात्री पाठीत कळ आली, तर तारीख, जागा आणि दुखण्याचा जोर एवढेच त्या वहीत नोंदवावे. सांगितलेल्या मुदतीत दुखणे ओसरले नाही किंवा वाढत गेले, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. दिवसातून दहा वेळा काख चाचपून किंवा मनानेच रक्ततपासणी करून मिळणारा दिलासा फार टिकत नाही. उलट एखादा संदिग्ध आकडा नवीच काळजी लावून जातो.

स्तनाच्या कर्करोगानंतर पहिली तीन वर्षे साधारणपणे दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आधीचे दिवस सर्वांत जड जातात. रिपोर्ट मिळणे आणि डॉक्टरांची भेट शक्यतो एकाच दिवशी जुळवून घ्यावी, म्हणजे रात्री एकट्याने मोबाइलवर पीडीएफ उघडून न कळणारे शब्द शोधत बसण्याची वेळ येत नाही. पेलत असेल तर सकाळी वडोदऱ्याच्या कमाटीबागेत फेरी मारावी.

वडोदऱ्यात, विशेषतः दांडिया बाजारासारख्या जुन्या वस्तीत, सगळेच ओळखीचे; भाजी घेतानाही कुणीतरी ‘आता कसं आहे?’ विचारतेच. ‘बरी आहे, तपासण्या चालू आहेत’ असे एक उत्तर ठरवून ठेवावे आणि विषय तिथेच थांबवावा; प्रत्येकाला सविस्तर सांगणे आपल्यावर बंधनकारक नाही. घरच्यांनीही ‘काही होत नाही, नको ते विचार करू नकोस’ म्हणणे सोडावे. त्यात माया असते, पण समोरच्याचे तोंड बंद होते. त्यापेक्षा ‘आज कशाची भीती वाटतेय?’ असे विचारून मध्येच न तोडता ऐकावे.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा भीतीपोटी तपासणीच टाळली जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. 14416 ही सरकारची टेलि-मानस सेवा निःशुल्क असून चोवीस तास चालू असते. मराठीत किंवा गुजरातीत बोलता येते. जगणेच नकोसे वाटू लागले असेल तर मात्र भेटीच्या वेळेसाठी थांबू नये, त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगावे आणि हा क्रमांक लावावा.