आधी भांडण, मग आकडे

पुरवठा साखळी मोजायची म्हटलं की माणूस आधी चाळीस आकडे गोळा करतो. मीही केले होते. मीटिंगमध्ये जो तो आपला हिरवा रकाना दाखवायचा आणि ग्राहक मात्र मालासाठी फोन करतच राहायचा.

आता आमच्या प्लांटांची तुलना करायला मी तीनच निकष घेते: डिलिव्हरी, खर्च आणि साठा. पण त्याआधी 'वेळेवर' म्हणजे कोणती तारीख, ते लिहून घ्या. ग्राहकाने मागितलेली, की आपण कबूल केलेली? कबूल केलेली तारीख आपणच पुढे ढकलतो, म्हणून मी ग्राहकाने मागितलेलीच धरते. शिवाय वेळ, नगसंख्या, मालाची स्थिती आणि कागदपत्रं ही चारही स्वतंत्रपणे ९५ टक्के बरोबर असली, तरी चारही बरोबर असलेल्या ऑर्डरी जेमतेम ८१ टक्के भरतात. गुणाकार करून बघा.

मग वजनं, म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व, ते ठरवायचं. त्यासाठी गणितज्ञ थॉमस साटी यांची एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत वापरते. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे आणि १ ते ९ मध्ये विचारायचं, कोण किती महत्त्वाचा? आमच्याकडे पहिल्या फेरीत डिलिव्हरी खर्चाच्या ३ पट ठरली, खर्च साठ्याच्या ३ पट. म्हणजे डिलिव्हरी साठ्याच्या ९ पट यायला हवी. पण स्टोअरवाले अडून बसले, "दोन्ही सारखेच!" विसंगती गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती विसंगत ते सांगणारा आकडा, आलं ०.४८; चालतं ते ०.१० पर्यंत. तासभर वाद झाला. खरं काम त्या तासातच झालं, असं माझं मत. दुसऱ्या फेरीत डिलिव्हरी-खर्च ३, खर्च-साठा २ आणि डिलिव्हरी-साठा ५.

हिशेब एक्सेलमध्ये होतो. डिलिव्हरीची ओळ १, ३, ५. गुणाकार १५, घनमूळ २.४७. इतर दोन ओळींचं (खर्च १/३, १, २; साठा १/५, १/२, १) तसंच काढून प्रत्येक घनमूळाला तिन्हींच्या बेरजेने भागा. वजनं ०.६५, ०.२३, ०.१२. गुणोत्तर ०.०१ च्याही खाली.

प्रत्येक प्लांटचे प्रत्येक निकषाचे गुण ० ते १ मध्ये आणून वजनाने गुणा आणि बेरीज करा. खर्च आणि साठा कमी तितके गुण जास्त, हे उलटं करायला विसरू नका. मी एकदा विसरले आणि सगळ्यात उधळ्या प्लांटला पहिला नंबर दिला.

शेवटी डिलिव्हरीचं वजन ०.५५ करून, उरलेलं दोघांत त्याच प्रमाणात वाटून पुन्हा बघा. एवढ्याने पहिला-दुसरा उलटले, तर मी त्या दोघांना बरोबरीतच धरते.