दहशतवादी हल्ल्यातल्या मृतांचं स्मारक: सरकारी निधी मिळवायचा कसा

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावी २६/११ च्या हल्ल्यातले हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मारकासाठी १३.४६ कोटी रुपये मंजूर केले. पहिल्या हप्त्यात सोडले २.७० कोटी, म्हणजे वीस टक्के. गावचं काम पाच-दहा लाखांचं असलं तरी पैसा असाच तुकड्यांत येतो. म्हणून आराखडा करतानाच टप्पे पाडा. चौथरा आणि नावांची भिंत पहिल्या हप्त्यात पुरी व्हावी. सभागृह, बाग, रोषणाई पुढे. उलट केलं की कंपाउंड उभं राहतं आणि आत गवत.

जागा मात्र सगळ्याच्या आधी. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम करायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. ‘चौकातच हवं’ असा हट्ट धरलेले प्रस्ताव इथेच अडकतात. गायरानही नको, गावाच्या सामायिक जमिनींबाबत त्याच न्यायालयाचा २०११ चा निकाल कडक आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या मालकीची, नाहीतर शाळा, वाचनालय, पोलीस ठाण्याच्या आवारातली जागा बघा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं ते तपासा, त्या खात्याचं ना-हरकत पत्र लेखी घ्या, आणि विकास आराखड्यात तिथून रस्ता जात नाही ना, हेही पाहा. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामापायी २६/११ च्या पोलीस हुतात्म्यांचं स्मारक मरीन ड्राइव्हच्या पोलीस जिमखान्यातून पोलीस मुख्यालयात हलवावं लागलं होतं.

पुतळा हवा की नावांची शिळा, हे इथेच ठरवा. आमचं मत शिळेच्या बाजूने. पुतळा म्हटला की सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय लागू होतो: मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचं ना-हरकत, जिल्हाधिकाऱ्यांची समिती, असं सगळं. मान्यता घेतल्यावर माप बदलायचं नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळलेला शिवरायांचा पुतळा ३५ फुटी होता. आपण मान्यता दिली ती सहा फुटी प्रतिकृतीला, असं कला संचालकांनी नंतर सांगितलं.

निधी मागायचे दरवाजे: स्थानिक संस्थेचा स्वनिधी, जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी, आणि मोठं काम असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत थेट राज्य सरकार. आमदार निधीचं पत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ती फक्त शिफारस. काम नियमांत बसतं की नाही हे जिल्हा नियोजन कार्यालय ठरवतं, म्हणून पत्राआधी तिथे विचारा. खासदार निधीकडे वळलात, तर त्यातून उभ्या राहिलेल्या वास्तूला व्यक्तीचं नाव देता येत नाही, जमीन घेता येत नाही, आणि आधीच झालेल्या कामाची भरपाईही मिळत नाही.

प्रस्तावाचा कणा म्हणजे ग्रामसभेचा किंवा नगरपरिषदेच्या सभेचा ठराव. त्यात जागेचा गट क्रमांक, आणि देखभाल व वीजबिल कोण भरणार, हे स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट राहिली की फाइल हमखास परत येते, कारण बांधायला पैसे मिळतात, झाडू मारायला नाही. अंदाजपत्रक शाखा अभियंत्याकडून चालू वर्षाच्या दरसूचीनुसार (कामांच्या सरकारी दरांची यादी) करून घ्या, १८ टक्के जीएसटी धरून. अक्षरकोरणी, ब्राँझ अशा दरसूचीत नसलेल्या बाबींना तीन दरपत्रकं जोडा. मग प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार), तांत्रिक मान्यता (अभियंत्यांची अंदाजपत्रकाला मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचं पत्र), याच क्रमाने. भूमिपूजनाची घाई करून आदेशाआधी खड्डा खणला, तर त्या खड्ड्याचं बिल तुमचंच.

नावांची यादी वर्तमानपत्रातून उतरवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातली सानुग्रह मदतीची (मृतांच्या कुटुंबांना सरकारने दिलेल्या पैशांची) यादी घ्या, प्रत्येक कुटुंबाची संमती आणि नावाच्या शुद्धलेखनावर सही घ्या, आणि मगच कोरायला द्या. ग्रॅनाइटवर चुकलेली वेलांटी खोडता येत नाही. खाली दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवा. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतले एक जखमी नऊ वर्षं झुंजून २०१५ मध्ये गेले.

मंजुरी जानेवारीत आली तर मार्चअखेर डोक्यावर असते. मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) नोंदी, कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही, तर पुढचा हप्ता थांबतो. ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या, आणि चौथरा खचलाय का, शिळेमागे पाणी मुरतंय का, हे अभियंत्याला सोबत घेऊन बघा.